जुन्या गाडीची स्मॉग दुरुस्ती आणि राज्याची मदत

कॅलिफोर्नियात जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाला डीएमव्हीकडून, म्हणजे राज्याच्या मोटार वाहन विभागाकडून, नोंदणीच्या नूतनीकरणाचे पत्र आले की आधी एकच ओळ शोधायची सवय लागते, आणि ती म्हणजे यंदा स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या प्रदूषणाची तपासणी, करून घ्यावे लागणार आहे की नाही. पेट्रोलवर चालणारी, १९७६ किंवा त्यानंतरची आणि आठ वर्षांहून जुनी झालेली गाडी असेल, तर बहुतेक भागांत दर दोन वर्षांनी ही तपासणी सक्तीची असते. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदणीचे नवे स्टिकर मिळत नाही. महाराष्ट्रातल्या पीयूसीची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथली तपासणी बरीच खोलवर जाते आणि तिचा निकाल त्याच क्षणी राज्याच्या संगणकात नोंदला जातो. मग तो कोणाला विनंती करून बदलत नाही.

आम्ही सॅन होजेला राहतो. आमची गाडी २००६ सालची, चार दारांची जपानी सेडान आहे आणि ती आम्ही नवी घेतली होती. २०२४ मध्ये तिची तपासणीची पाळी आली तेव्हा माझ्या पतींची नोकरी जाऊन वर्ष उलटले होते, बेकारी भत्त्याची मुदत संपली होती आणि त्यांना अधूनमधून मिळणारी छोटी कामे सोडली तर घर माझ्या पगारावर चालत होते. मी एका शाळेत शिक्षकांची मदतनीस म्हणून काम करते. मुलगी हायस्कूलमध्ये, शाळा आणि घर यांच्यामध्ये बसची नीट सोय नाही, आणि पतींना मुलाखतींसाठी कुठेही जावे लागे. गाडी बंद ठेवणे आम्हाला शक्यच नव्हते.

आमच्या गाडीसारख्या, म्हणजे २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत एक्झॉस्ट पाइपमध्ये नळी घालून धूर मोजत नाहीत. डॅशबोर्डखालच्या जोडणीत केबल लावून गाडीच्या संगणकालाच प्रश्न विचारतात, आणि सोबत प्रदूषण रोखणारे सगळे भाग जागेवर आहेत की नाहीत हे तंत्रज्ञ डोळ्यांनी पाहून घेतो. चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास, इतका साधा नियम आहे. आमचा दिवा पेटलेला होता. तपासणीनंतर हातात आलेल्या अहवालावर बाकी सगळ्या रकान्यांसमोर 'पास' होते, एका रकान्यासमोर 'फेल' होते आणि खाली कोड होता पी-०४२०. या कोडचा अर्थ असा की कॅटलिटिक कन्व्हर्टर जेवढे काम करायला हवे तेवढे करत नाही, असे गाडीच्या संगणकाला वाटते आहे.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला एक धातूचा डबा. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे या थरावर बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंमध्ये रूपांतर होते. धातू मौल्यवान असल्यामुळे भागही महाग. त्यातून कॅलिफोर्नियात कोणताही कन्व्हर्टर बसवून चालत नाही. मूळ कंपनीचा नसेल तर राज्याच्या हवा संसाधन मंडळाने त्या विशिष्ट गाडीसाठी मंजूर केलेलाच लागतो, आणि मंजुरीचा क्रमांक त्याच्या पत्र्यावर कोरलेला असावा लागतो. दुसऱ्या राज्यांत चालणारे स्वस्त कन्व्हर्टर इथल्या तपासणीत डोळ्यांनी पाहतानाच नापास होतात.

ज्या गॅरेजमध्ये आम्ही प्रथम विचारणा केली तिथल्या माणसाने गाडी न उघडताच, केवळ कोड पाहून, कन्व्हर्टर बदलायला सुमारे एकोणीसशे डॉलर लागतील असे सांगितले. आमचे चेहरे पाहून त्याने दुसरा मार्गही सुचवला, की मी कोड पुसून देतो, दिवा विझेल, मग लगेच दुसऱ्या केंद्रावर नेऊन तपासून घ्या. मी नको म्हटले, आणि हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा सल्ला आपल्या ओळखीच्या अनेकांना मिळतो. कोड पुसला की दिवा विझतो हे खरे, पण त्याबरोबर गाडीच्या संगणकाने स्वतःच्या निरनिराळ्या भागांवर केलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. या चाचण्यांना मॉनिटर म्हणतात. २००० आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांमध्ये इंधनाच्या वाफेचा मॉनिटर सोडून बाकीचे सगळे पूर्ण झालेले असावे लागतात, नाहीतर दिवा विझलेला असूनही गाडी परत पाठवतात. मॉनिटर पूर्ण होईपर्यंत गाडी चालवावी, तर तेवढ्यात मूळ दोष पुन्हा पकडला जाऊन दिवा परत पेटतो. शिवाय दोष तसाच राहिला तर तो धूर आपल्याच गल्लीत आणि आपल्याच शाळेच्या फाटकाशी सोडायचा, हे मला पटणारे नव्हते.

मदतीच्या योजनेची माहिती मला शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून मिळाली. त्यांनी आपल्या गाडीसाठी ती घेतली होती. योजनेचे नाव कन्झ्युमर असिस्टन्स प्रोग्रॅम. सगळे तिला 'कॅप' म्हणतात. ती राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागातल्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडून, म्हणजे स्मॉग चेक चालवणाऱ्या कार्यालयाकडूनच चालवली जाते. त्या बाईंनी सगळ्यात आधी बजावले ते असे, की मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत गाडीच्या एका स्क्रूलाही हात लावू देऊ नका. आधी स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली आणि नंतर पावती पाठवली, तर राज्य तो खर्च परत देत नाही. नापास झाल्यावर घाबरून लगेच दुरुस्ती करून घेणारी कुटुंबे केवळ या एका कारणाने मदतीला मुकतात. या लेखातले बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हा क्रम राहावा.

घरी मात्र अर्ज करण्यावरून बराच वेळ बोलणे झाले. माझ्या पतींना ही गोष्ट जड जात होती. इतकी वर्षे चांगल्या पगारावर काम केलेल्या माणसाने सरकारकडे गाडीच्या दुरुस्तीसाठी हात पसरायचा, मराठी मंडळात कोणाला कळले तर काय वाटेल, हे त्यांच्या मनात होते आणि ते मी समजू शकत होते. आमच्या ओळखीच्या एका ताईंना मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं हे दान समजताय, तिथेच चुकताय. पैसा तुमच्या गाडीसाठी नाहीये, हवेसाठी आहे." हे वाक्य मी पतींना तसेच ऐकवले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कर अर्ज."

ताईंचे म्हणणे या राज्याच्या इतिहासाला धरूनच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजलिसवर जे डोळे चुरचुरवणारे धुके पसरू लागले, ते कारखान्यांच्या काजळीचे असावे असा आधी समज होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्टेक या विद्यापीठातले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकमेकांशी संयोग पावून ओझोन तयार करतात आणि स्मॉग म्हणतात तो हाच. १९६७ मध्ये हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. १९८४ पासून स्मॉग चेक सुरू झाले. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यांत हवा अडकून राहते, आणि एक बिघडलेली जुनी गाडी कित्येक नव्या गाड्यांइतकी घाण सोडते. अशा गाड्यांचे मालक बहुधा तेच, ज्यांना दुरुस्ती परवडत नाही. त्यांना नुसता दंड करून हवा स्वच्छ होत नाही, म्हणून राज्याने दुरुस्तीचा खर्च उचलायचे ठरवले. हा निधी प्रामुख्याने नव्या गाड्यांच्या मालकांकडून, त्यांना तपासणीत मिळणाऱ्या सवलतीच्या बदल्यात, नोंदणीबरोबर घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून उभा राहतो. आमची गाडी नवी होती तेव्हा तसे शुल्क आम्हीही भरले होते.

पात्रतेची मुख्य अट उत्पन्नाची आहे. कुटुंबाचे करापूर्वीचे एकूण उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांपर्यंत असावे लागते. २०२४ मध्ये तिघांच्या कुटुंबासाठी ही रेषा २५,८२० डॉलर होती, म्हणजे मर्यादा ५८,०९५ डॉलर झाली. चौघांसाठी रेषा ३१,२०० आणि मर्यादा ७०,२०० डॉलर. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण 'दारिद्र्यरेषा' हा शब्द ऐकूनच आपल्यापैकी बरेच जण ही योजना आपल्यासाठी नाही असे मानून पुढे जातात. एकट्याच्या पगारावर चालणारी, नुकतीच नोकरी गेलेली किंवा निवृत्त झालेली मराठी घरे या मर्यादेत सहज बसू शकतात. उत्पन्नाखेरीज गाडी अर्जदाराच्या नावावर असावी लागते आणि ती दर दोन वर्षांच्या नियमित तपासणीतच नापास झालेली असावी लागते. गाडी विकताना किंवा दुसऱ्या राज्यातून आणून प्रथमच नोंदवताना करावी लागणारी तपासणी यात धरत नाहीत. प्रदूषण रोखणारे भाग कोणी काढून टाकले असतील किंवा त्यांत फेरफार केला असेल, तर तेही अडते. १९९६ किंवा त्यानंतरच्या गाडीला १,४५० डॉलरपर्यंत आणि १९७६ ते १९९५ मधल्या गाडीला १,१०० डॉलरपर्यंत मदत मिळू शकते.

अर्ज ऑनलाइन भरता येतो किंवा छापील अर्ज टपालाने पाठवता येतो. आम्ही ऑनलाइन भरला. गाडीचा नंबर, चासी क्रमांक, घरातली माणसे, उत्पन्न, आणि दिलेली माहिती खरी असल्याची शपथपूर्वक सही, एवढेच त्यात होते. तरीही मी पगाराच्या चिठ्ठ्या, बेकारी भत्त्याची पत्रे आणि कराचे विवरणपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवले होते, कारण विचारणा झालीच तर शोधाशोध नको.

अर्जाचा निकाल येईपर्यंतच्या काळात नोंदणीची मुदत संपण्याचा प्रश्न होता. इथे दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे गाडी नापास असली तरी नूतनीकरणाचे पैसे मुदतीत भरून टाकायचे. स्टिकर मिळत नाही, पण उशिराचा दंड लागत नाही. दुसरी म्हणजे डीएमव्हीच्या कार्यालयात नापास अहवाल दाखवून ५० डॉलरला ६० दिवसांचा तात्पुरता परवाना घेता येतो. तो मागच्या काचेला आतून चिकटवून आम्ही निर्धास्तपणे गाडी चालवली.

काही आठवड्यांनी पात्रतेचे पत्र आले. त्यात सहभागी गॅरेजकडेच जायचे असे स्पष्ट लिहिले होते. ही गॅरेजे 'स्टार' दर्जाची, तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही करणारी आणि ब्युरोशी करार केलेली असतात. त्यांची यादी पिनकोडप्रमाणे मिळते. मी तीन ठिकाणी फोन करून विचारले. जिथल्या माणसाने 'आधी निदान करू, मग बोलू' असे उत्तर दिले, तिथे गाडी नेली.

त्या गॅरेजमध्ये जे पाहिले ते मला अजून स्पष्ट आठवते. मुख्य मेकॅनिक साठीच्या घरातले, व्हिएतनामी वंशाचे गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला उभे करून यंत्राच्या पडद्यावरच्या दोन रेषा दाखवल्या. एक रेषा कन्व्हर्टरच्या आधीच्या, धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरची होती आणि ती सारखी वरखाली होत होती, जशी ती व्हायलाच हवी. दुसरी रेषा कन्व्हर्टरच्या नंतरच्या सेन्सरची. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर ही दुसरी रेषा जवळजवळ सपाट राहते, कारण मधल्या डब्यात प्राणवायू साठवला आणि वापरला जातो. आमच्या गाडीत दोन्ही रेषा सारख्याच नाचत होत्या. डब्याच्या आत जे आले तेच बाहेर पडत होते. मग ते म्हणाले की कन्व्हर्टर गेला आहे यात शंका नाही, पण तो का गेला हे शोधल्याशिवाय मी नवा लावणार नाही. त्यांनी इंजिनाच्या चारही नळकांड्यांचे आकडे पाहिले आणि तिसऱ्यात अधूनमधून ठिणगी चुकत असल्याचे दाखवले. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, आतली जाळी अति तापते आणि हळूहळू वितळते किंवा निकामी होते. तिसऱ्या नळकांड्याची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, जुनी होऊन कमजोर झाली होती. केवळ कोड पाहून एकोणीसशे डॉलरचा कन्व्हर्टर बसवला असता तर याच कॉइलने तोही खाल्ला असता.

निदान झाल्यावर गॅरेजने अंदाजपत्रक ब्युरोकडे पाठवले. काय बदलायचे आणि किती खर्चात, याला ब्युरोची मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू होते. त्यात एक कॉइल, चारही स्पार्क प्लग आणि मंजूर यादीतला कन्व्हर्टर असे होते. योजनेचे पैसे आपल्या हातात येत नाहीत. ते थेट गॅरेजला जातात, आणि आपण आपल्या वाट्याची रक्कम गॅरेजला द्यायची असते. मूळ कंपनीचा कन्व्हर्टर घेतला असता तर खर्च मदतीच्या मर्यादेपलीकडे गेला असता. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या लेबलावरून इंजिनाचा चाचणी-गट, म्हणजे प्रदूषणाच्या मंजुरीसाठी ते कोणत्या गटात धरले आहे ते, पाहून त्या गटासाठी मंजूर असलेला दुसऱ्या उत्पादकाचा कन्व्हर्टर निवडल्यामुळे सगळे मर्यादेत बसले. बसवण्याआधी मेकॅनिकनी मला त्याच्या पत्र्यावर कोरलेला मंजुरीचा क्रमांक आणि धूर कोणत्या दिशेने जातो ते दाखवणारा बाण वाचून घ्यायला सांगितला आणि तोच क्रमांक पावतीवर लिहिला. आमच्या खिशातून जे गेले ते पहिल्या गॅरेजच्या अंदाजाच्या मानाने फारच थोडे होते.

दुरुस्तीनंतर लगेच पुनर्तपासणी होत नाही, कारण मॉनिटर पुन्हा पूर्ण व्हावे लागतात. त्यासाठी गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची, सकाळी सुरू करून थोडी उभी ठेवायची, मग काही अंतर गावात थांबत-थांबत आणि काही अंतर हायवेवर एकाच वेगाने चालवायची, आणि पेट्रोलची टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी ठेवायची नाही. माझ्या पतींनी ही जबाबदारी घेतली. पहाटे ते २८० हायवेवरून एकसारख्या वेगाने जाऊन येत. मॉनिटर पूर्ण झाल्याचे गॅरेजमध्ये तपासून घेतल्यावर तिथेच पुनर्तपासणी झाली आणि या वेळी सगळ्या रकान्यांत 'पास' आले. राज्याचे प्रमाणपत्र ८ डॉलर २५ सेंट्सचे असते. ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डीएमव्हीकडे जाते. आमचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे स्टिकर टपालाने घरी आले.

सगळ्यांच्या बाबतीत दुरुस्तीच योग्य ठरेल असे नाही. इंजिनच तेल जाळत असेल, तर नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. अशांसाठी याच योजनेत गाडी कायमची मोडीत देऊन राज्याकडून ठरावीक रक्कम घेण्याचा पर्याय आहे. ज्यांचे उत्पन्न मर्यादेबाहेर आहे पण दुरुस्ती खरोखर आवाक्याबाहेरची आहे, त्यांना प्रदूषणविषयक दुरुस्तीवर किमान ६५० डॉलर रीतसर खर्च केल्यानंतर स्मॉग चेक रेफरीकडे, म्हणजे तपासणीतल्या अडचणींचा निवाडा करणाऱ्या केंद्राकडे, एका वेळेपुरती सूट मागता येते. पुढच्या तपासणीला मात्र गाडी उत्तीर्ण व्हावीच लागते. फ्रेस्नो, मोडेस्टो, स्टॉकटन किंवा बेकर्सफील्ड या बाजूला, म्हणजे सॅन वाकिन खोऱ्यात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तिथल्या 'ट्यून इन अँड ट्यून अप' या उपक्रमाची जरूर चौकशी करावी. सुट्टीच्या दिवशी मोठ्या मैदानावर रांगेने गाड्या तपासून ते तिथल्या तिथे दुरुस्तीचे व्हाउचर देतात. त्या खोऱ्याची हवा देशातल्या सर्वांत वाईट हवांपैकी आहे, त्यामुळे तिथे या कामाची निकड आमच्यापेक्षाही जास्त आहे.

मंजूर कन्व्हर्टरला ५ वर्षांची किंवा ५०,००० मैलांची हमी असते. ती वापरायची तर बसवल्याची तारीख, मैलांचा आकडा आणि पत्र्यावरचा क्रमांक असलेली पावती लागते. आमची पावती, दोन्ही तपासण्यांचे अहवाल आणि ब्युरोचे पत्र मी एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. पुढची तपासणी २०२६ मध्ये आहे. त्याआधी चेक इंजिनचा दिवा पेटलाच, तर त्याच मेकॅनिककडे जायचे आणि तिसऱ्या नळकांड्याचे आकडे आधी पाहायला सांगायचे, हेही मी पाकिटावर लिहून ठेवले आहे.